छंदांचा तोल

मराठी भाषेंत ‘छंद’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. कवितेंत छंद म्हणजे लघुगुरु अक्षरांची ठरीव बांधणी, म्हणजे एक प्रकारचें बंधनच. आणि व्यवहारांत छंद म्हणजे मनाला आवडेल तें करीत बसण्याची मोकळीक. या दोन अर्थांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न शब्दकोशकारांचा आहे असें आम्हांस पूर्वीं वाटे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत एका स्नेह्यांच्या घरीं जो लहानसा प्रसंग घडला, त्यावरून तो संसाराचाहि प्रश्न आहे अशी आमची खात्री झाली.

हे स्नेही एका कचेरींत हिशेबनीस आहेत. रविवारीं पहाटे पाठीवर पिशवी टाकून एखादा गड चढून येणें, हा त्यांचा पहिला छंद. खेळाडूंचीं व नाना प्रकारचीं चित्रकार्डें जमविणें, हा दुसरा. आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर स्वतः जुळविलेल्या एका लहानशा संगणकापुढें बसून आज्ञावल्या लिहीत राहणें, हा तिसरा. पायांना एक, हातांना एक आणि बुद्धीला एक, अशी त्यांनीं सोयीची वांटणी करून घेतली होती. एकांतहि वाईट म्हणावें असें कांहीं नाहीं. परंतु त्या दिवशीं चहा पुढें ठेवतांना वहिनींनीं शांतपणें विचारलें, “भावजी, यांच्या तीन छंदांची वांटणी झाली, आतां बाळूच्या वांट्याला आठवड्यांतले कोणते तास येतात, तेवढें यांना मोजायला सांगा.” स्नेही क्षणभर गप्प बसले. मग आम्हांलाच म्हणाले, “तुम्हीच सांगा, यांपैकीं कोणता सोडूं?”

त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या प्रश्नाचें उत्तर सुचत नाहीं त्याचा इतिहास चाळावा, ही आमची जुनी खोड. म्हणून घरीं आल्यावर या तिन्ही छंदांची कुळकथा आम्ही शोधूं लागलों. तींत जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असे स्नेही आणि अशा वहिनी आज घरोघर आहेत.

पहिली गोष्ट ही, कीं ज्याला आपण फावला वेळ म्हणतों तो कोणालाहि फुकट मिळालेला नाहीं. शेतकऱ्याला सणावारीं व सुगीनंतर थोडी उसंत मिळे. परंतु गिरणीचें चाक फिरूं लागलें आणि मजुराची तीहि उसंत गेली. इंग्लंडांत १८५० च्या कारखानेविषयक कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं २ वाजतां थांबवावें असें ठरलें, आणि शनिवारच्या अर्ध्या सुटीला तेथून बळ मिळालें. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत तर आठवड्याची नेमकी सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरवून ही मागणी मांडली. ती मान्य होण्यास १८९० साल उजाडावें लागलें. आमचे स्नेही ज्या रविवारीं गडाची वाट धरतात, तो रविवार मिळविण्यासाठीं कोणी तरी सहा वर्षें झगडलें आहे. एवढें लक्षांत घेतलें, म्हणजे सुटी ही ‘माझी’ असें म्हणण्यापूर्वीं मनुष्य थोडा विचार करील.

सुटी मिळाली, तरी जावयाचें कोठें? इंग्लंडांतील मँचेस्टर व शेफील्ड या दोन धुरकट शहरांच्या मध्यें किंडर स्काउट नांवाचें उंच माळरान आहे. त्याचा माथा ६३६ मीटर, म्हणजे आपल्या राजगडाच्या निम्म्याहूनहि कमी; परंतु गिरण्यांत व कारखान्यांत सहा दिवस कोंडलेल्या तरुणांना तोच हिमालय होता. अडचण एवढीच, कीं तें माळरान खासगी मालकीचें होतें. वर्षांतून थोडे दिवस तेथें ग्राउस नांवाच्या रानपक्ष्यांची शिकार होई आणि उरलेले सर्व दिवस त्या पक्ष्यांची शांतता राखण्यासाठीं राखणदार उभे असत. डोंगरांवर लोकांना फिरूं द्यावें असें विधेयक जेम्स ब्राइस यांनीं १८८४ सालींच पार्लमेंटांत मांडलें होतें. तें संमत झालें नाहीं. हें जवळजवळ अर्धे शतक तसेंच राहिलें.

२४ एप्रिल १९३२ या रविवारीं सुमारें ४०० तरुण हेफील्ड या गांवाजवळच्या एका खाणींत जमले. बेनी रॉथमन नांवाचा वीस वर्षांचा एक तरुण खडकावर चढून बोलला, आणि सर्वजण बंदी असलेल्या माळरानाकडे चालूं लागले. वाटेंत राखणदारांशीं झटापट झाली. परत येतांना सहा जणांना पकडण्यांत आलें. त्यांपैकीं पांच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनच्या वांट्याला चार महिने आले. नवल असें, कीं फिरस्त्यांच्या ज्या जुन्या व प्रतिष्ठित संस्था होत्या त्यांनीं या मोर्चाला विरोधच केला होता. अर्जविनंत्यांनीं जें हळूहळू मिळत आहे तें या पोरांच्या दांडगाईनें हातचें जाईल अशी त्यांना भीति वाटे. ती भीति अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शिक्षा इतक्या कडक झाल्या, कीं ज्यांना मोर्चा पसंत नव्हता त्यांचेंहि मन तुरुंगांतल्या मुलांकडे वळलें. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ सालीं याच प्रदेशांत ब्रिटनमधील पहिलें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, आणि २००० सालच्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समधील मोकळ्या माळरानांवर पायीं फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. मोर्चाच्या सत्तराव्या वर्षीं, २००२ सालीं, ज्या घराण्याची तेथें मालकी होती त्या घराण्याचे डेव्हनशरचे ड्यूक यांनीं जाहीरपणें दिलगिरी व्यक्त केली. डोंगर चढणें हा नुसता पायांचा छंद नव्हे, जगांत कोणाला कोठें पाय ठेवतां यावा या प्रश्नाशीं तो जोडलेला आहे, हें या हकीकतीवरून दिसतें.

आतां दुसरा छंद. कार्डें जमविणें हा पोरखेळ आहे असें पुष्कळांना वाटतें, आणि त्याचा जन्म पाहतां तो समज चुकीचा नाहीं. सिगारेटच्या पाकिटांत त्या चुरगळूं नयेत म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. पुठ्ठा घालावयाचाच आहे, तर त्यावर चित्र कां छापूं नये, असें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील तंबाखूच्या व्यापाऱ्यांना सुचलें. चित्रांची माळ पुरी करण्यासाठीं गिऱ्हाईक तेंच पाकीट पुन्हां घेईल, हा त्यांतील डाव. नट्या, पक्षी, सेनापति, खेळाडू यांच्या माळा निघाल्या. बाप सिगारेट ओढी आणि मुलगा चित्र घेई. व्यापाऱ्याची युक्ति आणि मुलाची हौस यांची ही गांठ तेव्हांपासून जी बसली, ती आजवर सुटलेली नाहीं. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा खेळ काढला. १९९६ सालीं जपानांत पोकेमॉनचे पत्ते निघाले. दोन्हींत बंद पुडी फोडल्यावांचून आंत काय आहे तें कळत नाहीं. तंबाखू गेली, पण पुडी राहिली.

याच छंदाच्या इतिहासांत आम्हांस एक माणूस असा भेटला, कीं त्याच्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. जेफर्सन बर्डिक हे न्यूयॉर्क राज्यांतील सिरॅक्यूज येथें एका कारखान्यांत विजेच्या उपकरणांचे भाग जुळविण्याचें काम करीत. ते अविवाहित होते, मिळकत बेताची होती, आणि संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं होत चाललीं होतीं. या माणसानें फेकून देण्याच्या लायकीचीं समजलीं जाणारीं छापील कार्डें गोळा केलीं. एवढेंच नव्हे, तर त्यांना शास्त्रीय शिस्त लावली. १९३९ सालीं त्यांनीं त्यांची पहिली सूचि प्रसिद्ध केली. कोणत्या शतकांतलें कार्ड, कोणत्या मालाबरोबर आलेलें, कितव्या माळेंतलें, हें त्यांनीं एका अक्षरानें व आंकड्यानें दाखविलें. आज संग्राहक ज्या १९०९ ते १९११ च्या माळेला ‘टी २०६’ म्हणतात, तें नांव बर्डिक यांच्या सूचींतलें आहे.

१९४७ सालापासून त्यांनीं आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यास आरंभ केला. तीन लाखांहून अधिक कार्डें! तीं चिकटवहींत लावण्याचें काम त्यांनीं स्वतःच पत्करलें. पुढें तर त्यासाठींच ते न्यूयॉर्कला राहावयास आले, आणि संग्रहालयांतील एका मेजापाशीं बसून दुखऱ्या बोटांनीं कार्डें चिकटवीत राहिले. १९६३ च्या जानेवारींत शेवटचें कार्ड लागलें. दुसऱ्या दिवशीं ते रुग्णालयांत दाखल झाले, आणि मार्चमध्यें वारले.

या माळेंत होनस वॅग्नर या खेळाडूचें एक दुर्मिळ कार्ड आहे. २०२२ सालीं त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली. त्याच वर्षीं मिकी मँटल याचें १९५२ सालचें एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरांना गेलें. आणि गंमत अशी, कीं तीं कार्डें छापणाऱ्या कंपनीनें न खपलेल्या प्रतींच्या पेट्याच्या पेट्या १९६० सालीं समुद्रांत बुडविल्या होत्या, असें त्या कंपनीच्याच एका अधिकाऱ्यानें पुढें सांगितलें. एकाच वस्तूला एकदां समुद्राचा तळ आणि एकदां कोट्यवधींचें मोल! वस्तूचें मोल वस्तूंत नसतें, हें यावरून उघड आहे. जो मोलाकडे पाहून जमवितो तो व्यापारी होय. तो वाईट नव्हे. पण त्याला रात्रीं झोंप लागते ती बाजारभावाच्या परवानगीनें. बर्डिक यांच्या वहींतहि वॅग्नरचें कार्ड आहे. त्यांनीं तें इतर कार्डांच्या रांगेंत, त्याच्या क्रमांकावर, खळ लावून चिकटवून टाकलें आहे.

असा एक संग्राहक आपल्या पुण्यांतहि होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर यांचा उदरनिर्वाह चष्म्याच्या दुकानावर चाले, आणि ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें, दरवाजे अशा नित्याच्या वापरांतल्या वस्तु त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणींच गेला. त्याचें नांव त्यांनीं या संग्रहाला दिलें, आणि १९७५ सालीं सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. या कामांत पत्नी कमलाबाई यांचा हात त्यांच्या बरोबरीनें होता, हें विसरतां येत नाहीं. त्या संग्रहालयांत एखादा अडकित्ता पाहतांना तो किती रुपयांचा असेल असा प्रश्न मनांत येत नाहीं. कोणाच्या घरीं कोणी सुपारी कातरली असेल, असाच येतो.

तिसरा छंद वयानें सर्वांत धाकटा. १९७५ च्या जानेवारींत एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाचें चित्र आलें. सुटे भाग घेऊन तो घरीं जुळवावयाचा. किंमत ३९७ डॉलर. त्याला ना पडदा ना टंकफलक. पुढच्या बाजूस खटके आणि लुकलुकणारे दिवे, आणि स्मरणशक्ति अवघ्या २५६ अक्षरांची, म्हणजे या परिच्छेदाच्या आरंभींचीं दोन-तीन वाक्यें मावतील इतकी. असल्या यंत्राचा उपयोग काय, असें कोणी विचारलें असतें तर घेणाऱ्यांना सांगतां आलें नसतें. तरीहि हजारों लोकांनीं पैसे पाठविले. ५ मार्च १९७५ रोजीं कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारखान्यांत तीसएक हौशी मंडळी जमली, आणि ‘होमब्रू कॉम्प्यूटर क्लब’ या नांवाचें मंडळ सुरू झालें. पुढें एका बैठकींत स्टीव्ह डॉम्पियर या सभासदानें अल्टेअरजवळ एक साधा रेडिओ ठेवला, खटके वरखालीं केले, आणि यंत्राच्या विद्युत्-लहरींमुळें रेडिओंतून चक्क एक गाणें ऐकूं आलें. सभा उठून टाळ्या वाजवूं लागली. छंदाचा शुद्ध आनंद पाहावयाचा असेल, तर तो या क्षणीं पाहावा.

परंतु या आनंदालाहि लवकरच व्यवहाराचा वारा लागला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनीं अल्टेअरसाठीं ‘बेसिक’ नांवाची संगणकभाषा तयार केली होती. मंडळाच्या सभासदांनीं तिच्या छिद्रपट्टीच्या नकला करून एकमेकांना वांटल्या. १९७६ च्या फेब्रुवारींत गेट्स यांनीं ‘छंदिष्टांना उघडें पत्र’ प्रसिद्ध केलें: अल्टेअर बाळगणाऱ्यांपैकीं शेंकडा दहांहून कमी लोकांनीं बेसिक विकत घेतली आहे, आमच्या श्रमांचें मोल तासाला दोन डॉलरहि पडलें नाहीं, तुम्ही चोरी करीत आहां, असा त्या पत्राचा आशय. छंदिष्टांना राग आला. निःपक्षपातानें पाहिलें तर दोन्ही बाजूंत तथ्य होतें. आपला छंद हा दुसऱ्याचा व्यवसाय असूं शकतो, आणि त्याच्या घामाचें मोल आपल्या हौसेच्या नांवाखालीं बुडवितां येत नाहीं, हें पत्राचें म्हणणें खरें. आणि सर्वांनीं आपापलें ज्ञान मोकळ्या हातानें वांटलें म्हणूनच ही विद्या घरोघर गेली, हेंहि तितकेंच खरें.

त्याच मंडळांत स्टीव्ह वॉझनिअक हे एका मोठ्या कंपनींत नोकरीस असलेले अभियंते येत. रात्रीं बसून त्यांनीं स्वतःचा संगणक तयार केला आणि त्याचा आराखडा बैठकींत फुकट वांटला. नोकरी इमानानें करावयाची, म्हणून त्यांनीं तें यंत्र प्रथम आपल्या मालकांनाच देऊं केलें, त्यांनीं नाकारलें. मग स्टीव्ह जॉब्ज या मित्राबरोबर त्यांनीं १९७६ च्या एप्रिलमध्यें ‘ॲपल’ ही कंपनी काढली. तरीहि नोकरी सोडण्यास ते तयार होईनात; भांडवल पुरविणाऱ्या भागीदारानें आग्रह धरला तेव्हां ती सुटली. छंद पोट भरूं लागला म्हणजे मनुष्य भाग्यवान् असें आपण म्हणतों. पण ज्या दिवशीं तो पोट भरूं लागतो, त्या दिवशीं त्याच्याकडून विसावा मागण्याची सोय राहात नाहीं. वॉझनिअक यांची ती चालढकल आम्हांस भित्रेपणाची वाटत नाहीं. आपल्या हातून काय निसटणार आहे, तें त्यांना कळलें असावें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. इतिहास चाळून झाल्यावर आम्हांस प्रथम थोडी निराशाच वाटली. कारण यांतल्या एकाचेंहि चरित्र आमच्या स्नेह्यांच्या उपयोगी पडण्यासारखें नाहीं. बर्डिक यांनीं एकाच छंदाला सारें आयुष्य दिलें, आणि त्यांना संसार नव्हता. केळकरांच्या घरांत छंद आणि संसार यांची भिंतच उरली नाहीं. तें भाग्य मागून मिळत नाहीं. रॉथमनला एका रविवारासाठीं चार महिने मोजावे लागले. मोठ्या माणसांनीं तोल सांभाळला नाहीं, तो सोडला. म्हणूनच तीं इतिहासांत आलीं. तोल सांभाळणाऱ्यांचा इतिहास कोणी लिहीत नाहीं.

परंतु जरा खोल पाहिलें, तर तिन्ही हकीकतींत एक समान धागा आहे. किंडरच्या तरुणांनीं तें माळरान आपल्या नांवावर मागितलें नाहीं, त्यावरून सर्वांना चालूं द्या एवढेंच मागितलें. बर्डिक यांनीं कार्डें विकलीं नाहींत, लोकांच्या स्वाधीन केलीं. वॉझनिअक यांनीं आराखडा वांटला. ज्या छंदाला दुसऱ्यासाठीं दार आहे, तो टिकला आणि शोभला. ज्याचें दार आंतून लावलेलें असतें, त्याला आपली भाषाहि छंद न म्हणतां नाद म्हणते, आणि नादाच्या पुढचें पाऊल व्यसनाचें.

दुसरें असें, कीं छंद तीन असणें हा दोष नव्हे. तो एका परीनें बचाव आहे. एकच छंद मालक होऊन बसतो; तीन असले म्हणजे ते एकमेकांना धाकांत ठेवतात. गडावर जाणाऱ्याला संगणक चोवीस तास बांधून ठेवूं शकत नाहीं, आणि डोंगराची विशालता पाहून आलेला मनुष्य एका कार्डासाठीं घरखर्चाला हात लावतांना थबकतो. बेरीज मात्र हाताबाहेर जातां कामा नये. किंडरवर ज्या हक्कासाठीं भांडण झालें तो मालकीचा नव्हता, वाटेचा होता. मनुष्याचा रविवार ही त्याची मालमत्ता खरी. पण तीवरूनहि घरच्या माणसांच्या वाटेचा हक्क असतो. तेथें कुंपण घालून राखणदार उभा केला, तर एखाद्या दिवशीं मोर्चा येणारच.

म्हणून आम्ही स्नेह्यांना लिहिलें, कीं कोणताहि छंद सोडूं नका. फक्त तिन्ही एकाच वेळीं चालवूं नका. कवितेच्या छंदांत लघु असतो, गुरु असतो, आणि ठरलेल्या जागीं यतीहि असतो. पाऊस सरल्यापासून माघापर्यंत गड. उन्हाळ्यांत भर दुपारीं कार्डें, आणि त्यांच्या वहीवर बाळूचाहि हात. पावसाळी रात्रीं संगणक. आणि आठवड्याला एक संध्याकाळ अशी ठेवा, कीं तींत यांपैकीं कांहींच नाहीं.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. स्नेह्यांनीं योजना मान्य केली होती. खालीं वहिनींच्या अक्षरांत एकच ओळ होती: “ती एक संध्याकाळ कोणती, तें मी ठरविणार, एवढें यांच्या कानावर घाला.” आम्हांस वाटतें, वहिनींनीं आमच्यापेक्षां छंदःशास्त्र अधिक जाणलें आहे.